सासूच्या पायाचा फोटो

दीपालीच्या मोबाइलमध्ये तिचा स्वतःचा एकही फोटो सापडत नाही. आहेत ते सगळे सासूच्या उजव्या पायाचे. वरून, बाजूने, तळव्याकडून, बोटं फाकवून. कुणी सहज बघायला घेतला तर दोन-तीन फोटोंतच मोबाइल परत देतो.

सासूचं नाव चिमा. अंगात साखर आहे हे तिला बरीच वर्षं ठाऊक होतं, पण पायाला काही कळत नाही हे ठाऊक नव्हतं. श्रावणात कातळावर गवत कापताना करवंदीचा काटा तळव्यात मोडला. ती तशीच भारा घेऊन घरी आली, जेवली, झोपली. शेणाने सारवलेल्या ओटीवर ओले डाग कुठून पडतात म्हणून दीपालीने शोध घेतला, तेव्हा पाय सुजून दुप्पट झाला होता. रत्नागिरीच्या इस्पितळात जखम चिरून साफ केली आणि काही दिवसांनी घरी सोडलं.

सोडताना डॉक्टरीणबाईंनी दीपालीला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, जखम भरेल किंवा चिघळेल, दोन्ही होऊ शकतं. चिघळली आणि कळायला उशीर झाला तर पाय कापावा लागेल. रोज पट्टी बदलायची, एक दिवसाआड फोटो पाठवायचा. फोटो ठीक दिसला तर यायची गरज नाही.

यायची गरज नाही, हे दोघींना बरं वाटलं. वाडीवरून राजापूर, राजापूरहून रत्नागिरी, दोन एसटी, पाय खाली सोडून बसायचं. त्या प्रवासानेच पाय पुन्हा सुजला असता. दीपालीचा नवरा विनीत मुंबईला, भायखळ्याच्या एका गोदामात कामाला. गणपतीची रजा आईच्या इस्पितळात संपली होती. आता त्याला रजा मागायला तोंड नव्हतं. त्यामुळे सगळं फोटोवर येऊन ठेपलं.

पहिला फोटो दीपालीने ओटीवर बसून काढला. अंधार होता म्हणून फ्लॅश लावला. ड्रेसिंगच्या खोलीतल्या अक्षया सिस्टर फोटो आधी बघून मग डॉक्टरांना दाखवत. त्यांचा आवाजातला निरोप आला, "ताई, हे काय पाठवलंय? उकडलेला बटाटा दिसतोय. फ्लॅश लावू नका. उजेडात या."

दीपाली उजेडात आली. दुपारच्या उन्हात खळ्यात पाट मांडून सासूला बसवलं, तर अर्धा पाय पांढराफटक आणि अर्धा काळा. सिस्टर म्हणाल्या, ऊन नको, सावलीतला उजेड हवा. मग घराच्या कडेला, सकाळी. झूम करू नका, फोन जवळ न्या; पण एवढाही नको की धूसर होईल. स्क्रीनवरच्या जखमेवर बोट टेकवा, चौकोन येईल, तो स्थिर झाला की मगच दाबा. कोपर गुडघ्याला टेकवा, हात हलणार नाही. खाली पांढरं फडकं अंथरा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे जखम केवढी ते कळतं. आणि काच पुसा. तुमच्या हाताला कायम तेल असतं.

हे तिने सगळं केलं. काच पुसायला पदर वापरायची, पण पदरालाही तेल असायचं, म्हणून विनीतच्या जुन्या बनियनचा तुकडा कापून ठेवला. भात पिकून आडवं पडायला लागलं होतं, गोठ्यात म्हैस व्यायला आली होती आणि दीपाली उकिडवी बसून चौकोन स्थिर व्हायची वाट बघत असायची. गुडघे वाजायचे.

"पाय जरा उचला, आये."

"किती उचलू? वर टांगू काय आता?"

"हलू नका."

"मी हलत नाय. तुजा हात हलतो गो."

फोटो विनीतलाही जायचे. त्यानेच तसं बजावलं होतं. रात्रपाळी संपवून तो बघायचा आणि निरोप पाठवायचा, "आये, फोटो छान आलाय. पाय सुधारलाय." चिमा तो निरोप दिवसभरात पुन्हा पुन्हा लावून घ्यायची. शेजारची तुळसा आली की तिलाही ऐकवायची.

दसऱ्याच्या सुमारास फोटोंत काहीतरी बिघडलं. अक्षया सिस्टर म्हणाल्या, "ताई, रंग नीट येत नाहीये. पाय राखाडी दिसतोय. उजेड जास्त पडतोय का?" दीपाली कडेवरून आत सरकली. तरी तेच. मग स्क्रीनवर बोट खाली ओढून उजेड कमी करायचं सिस्टरांनी शिकवलं. पाय काळपट दिसायला लागला, पण फडकंही काळपट. "आता सगळंच काळं आलंय," सिस्टर म्हणाल्या. त्याही थकल्या असाव्यात, त्यांच्याकडे असे किती पाय येत असतील. डॉक्टरीणबाईंनी बघून कळवलं, स्पष्ट कळत नाही, पण फार वाईट वाटत नाही, पुढचा फोटो नीट काढा.

दीपालीला वाटलं, चूक आपली. फोन जुना, हात कापतो, आपल्याला जमत नाही. चिमाला दोन दिवस कणकण होती. विचारलं तर म्हणाली, हवा बदलली.

घरात रेंज नाही. फोन खळ्याच्या टोकाला, फणसाच्या बुंध्याला अडकवलेल्या कापडी पिशवीत असायचा. दीपाली ओटीवरच्या अंधारात पट्टी सोडायची, तेव्हा नजर फक्त जखमेवर असायची; मग सासूला कडेला बसवून न्हाणीत हात धुवायची आणि फोन आणायला जायची. त्या सकाळी तिने चार फोटो काढले आणि चारही राखाडी आले. काच पुसली. पाचवा काढला. तोही तसाच. फोनवरच डाग असेल म्हणून स्क्रीन बोटाने घासली. मग कंटाळून, का ते तिलाही सांगता आलं नसतं, तेच बोट सासूच्या पायावरून फिरवलं.

बोट पांढरं झालं.

तिने वास घेतला. पावडर. लग्नाकार्याला जाताना तोंडाला लावायची, गुलाबी डब्यातली.

"आये, हे काय?"

चिमाने तुळशीवृंदावनाकडे बघितलं. "फोटो काढायचा तर पावडर लावतात."

"तोंडाला लावतात."

"तोंड दिसत नाय त्यात. पाय दिसतो. मग पायाला लावली. परक्या मानसाला तसला पाय कसा दाखवू?"

"कधीपासून लावताय?"

"तू फोन आणाया जातीस तेव्हा. जखमेला नाय लावली गो, भवतीनं लावली. तेवढं कळतं मला."

दीपालीने सलाइनमध्ये गॉज भिजवला आणि पुसायला घेतलं. पावडरीखालून लालसर, ताणलेली कातडी निघाली. लाली घोट्याच्या वर गेली होती. करंगळीचं टोक जांभळं होऊन काळ्याकडे झुकलं होतं. चिमाला पुसलेलंही कळत नव्हतं.

"हे तुम्ही बघितलं होतं," दीपाली म्हणाली.

"बघितलं."

"मग?"

"विन्या म्हनतो, पाय सुधारलाय. त्याला हे दिसलं असतं तर तो पुन्हा कामावरनं निघाला असता. त्याचा मुकादम त्याला ठेवील?" मग म्हणाली, "आनी मला पुन्हा तिथं जायाचं नाय. शेजारच्या खाटेवरल्या बायचा पाय नेला. रात्री चादर सपाट दिसायची."

भांडायला अंगात ताकद लागते. दीपालीने फडकं सरळ केलं, नाणं ठेवलं, कोपर गुडघ्यावर टेकवलं. चौकोन करंगळीवर आणला. फोटो पहिल्याच खेपेला स्वच्छ आला, लाल ते लाल, काळं ते काळं.

"विन्याला नको पाठवू," चिमा म्हणाली. "डाक्टरनीला पाठव. त्याला नको."

दीपाली फणसाखाली गेली. फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला. आईचा पाय सुधारतोय असं मानून विनीत तिकडे निवांत झोपायचा, आणि ते मानणं टिकवायचं काम इथे दोघीजणी करत होत्या, एक पावडर लावून आणि एक नकळत. तिने विनीतलाही तोच फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

इस्पितळातून निरोप नाही, थेट फोन आला. आत्ता निघा. वाडीतल्या एकाची रिक्षा काढून, पाय उशीवर ठेवून त्या दोघी निघाल्या. विनीत दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचला. त्याने आईला काही विचारलं नाही. दीपालीला विचारलं, "तुला रोज बघून कळलं नाही?" ती म्हणाली, "नाही कळलं." आणखी सांगण्यासारखं होतं, पण चिमा कुशीवर पडून ऐकत होती.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय राहिला. आणखी चार दिवस पावडर चालली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरीणबाईंनी चिमाला सरळ शब्दांत सांगितलं. चिमाने मान डोलावली आणि विचारलं, चहा कधी मिळेल.

विनीत परत गेला. मुकादमाने त्याला ठेवलं, पण रात्रपाळीच दिली. भात उशिरा कापलं गेलं, बरंच झडून गेलं. आता टाके दिसतात, त्यांचेही फोटो पाठवायचे असतात. दीपाली फोन आधी आणून ठेवते, मगच पट्टी सोडते. सासूला एकटी ठेवत नाही. चिमाला ते कळतं. तिला त्याचा राग आहे, आणि तो ती चहा गार झाल्याच्या तक्रारीतून काढते.

परवा सकाळी ढग होते. उजेड कमी पडला, फोटो धूसर आला. दीपालीने फोन खाली ठेवला आणि उकिडवी होती ती मांडी घालून बसली.

"काय झालं?" चिमाने विचारलं.

"ढग जाऊ दे."

"मग पाय आत घेऊ?"

"नको. असू दे तसाच."

दोघी ढग जायची वाट बघत बसल्या. पाय फडक्यावर, उघडा, मध्ये.