चौथ्या टाकीतला मासा

बकाराम लांजेवार गोंदियातल्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट होता. मूळचा केशोरीचा. धानाची शेती धाकट्या भावाने धरली आणि हा तीस वर्षं परीक्षानळ्या धूत राहिला. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी टीना रायपूरला दिलेली. सिव्हिल लाइनमागच्या भाड्याच्या खोलीत तो एकटाच राहायचा. शनिवारी कॉलेज सुटताना बोललेल्या शब्दानंतरचा पुढचा शब्द कधीकधी थेट सोमवारी निघायचा.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना प्राणिशास्त्र विभागात हर्षा पटले पीएचडीसाठी आली. कामठ्याची, पोवारांच्या घरची मुलगी. तिचं काम होतं झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांवर. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही हे कण बारीक, असं तिने बकारामला सांगितलं. रंगाच्या कारखान्याचं घाण पाणी ही पांढरी भुकटी घालून उन्हात ठेवलं की रंग उडतो, पाणी नितळ होतं. पण भुकटी पाण्यातच उरली आणि ते पाणी नदीत गेलं, तर माशांचं काय? विभागात तिला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि बकारामला कोणी इतकं समजावून कधी सांगितलं नव्हतं. दोघांची गट्टी जमली.

पाच टाक्या मांडल्या. पहिलीत साधं पाणी, पुढच्या चारांत भुकटी चढत्या प्रमाणात. प्रत्येकीत रोहूची दहा बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. एकवीस दिवस चारा द्यायचा, मेलेला मासा बरणीत काढायचा, तक्त्यावर लिहायचं. बकाराम रविवारीही येऊ लागला. हर्षा म्हणाली, रविवारी मी करते, काकाजी. त्याने ऐकलं नाही.

चौथ्या टाकीत शेपटीला चीर पडलेला एक मासा होता. बकाराम जवळ गेला की काचेशी यायचा. त्याच्याशी तो बोलायचा, आधी मनातल्या मनात, मग तोंडाने. बाराव्या दिवशी मासा एका कुशीवर कलला आणि वर येऊन तोंड उघडून हवा गिळू लागला. टाकीतले तीन आधी असेच गेले होते. त्या दिवशी विभागात कोणी नव्हतं. बकारामने जाळी घेतली, माशाला पहिल्या टाकीत सोडलं आणि तक्त्यावर चौथ्या टाकीपुढे लिहिलं, एक मेला.

एकविसाव्या दिवशी हर्षाने मोजणी केली. पहिल्या टाकीत अकरा मासे. बरणीत तक्त्यापेक्षा एक कमी. सुरुवातीलाच आपण चुकीचं मोजलं असं तिला वाटलं आणि दोन दिवस ती वही उलटीपालटी करत बसली, जेवली नाही. बकारामला ते बघवेना.

"म्याडम, चूक तुमची नाही," तो म्हणाला. "तो चौथीतला आहे. मीच टाकलो त्याले इकडं."

"काऊन, काकाजी?"

"मरून राहिला होता जी. माह्याच्यानं पाहवलं नाही."

हर्षाने वही मिटली. मग म्हणाली, "अन् बाकीचे मरून नव्हते राहिले?"



प्रयोग पहिल्यापासून करावा लागला. गाइड सर रागावले तेव्हा हर्षाने बकारामचं नाव घेतलं नाही, मोजणी आपलीच चुकली म्हणाली. ते त्याला जास्त लागलं. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. टाक्या, चारा, वेळ. सांगणं, समजावणं थांबलं.

एकदा धीर करून तोच बोलला, की चीर पडलेला मासा साध्या पाण्यात सुधारला. हलवल्यापासून पाचव्या दिवशी चारा खाल्ला, सातव्या दिवशी सरळ पोहला. हर्षाने मान वर केली, दिवस पुन्हा विचारून घेतले आणि सरांना विचारून नव्या मांडणीत आणखी माशांची भर घातली: आधी भुकटीच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात. भुकटीने खराब झालेले कल्ले कितपत भरून येतात हे आधी त्या चीर पडलेल्या माशावर पाहावं लागणार होतं. त्यासाठी तो कापायचा. बकारामनेच त्याला जाळीत धरून आणून दिलं. या खेपेला त्याने एकही मासा हलवला नाही. एकेक मरताना पाहिला आणि लिहिला.

तो निवृत्त होऊन केशोरीला गेला. दोन वर्षांनी हर्षाने पीएचडीच्या तोंडी परीक्षेला त्याला फोन करून बोलावलं. आत इंग्रजी चाललं होतं, तो बाहेर बाकावर बसला. दोन तासांनी ती पेढे घेऊन आली, पाया पडली. कमी मात्रेतले मासे सावरतात, जास्त मात्रेतले सावरत नाहीत, म्हणून पाणी सोडण्याआधी भुकटी गाळून काढलीच पाहिजे, असं तिने आपल्या झाडीबोलीत सांगितलं. प्रबंधात आभाराच्या पानावर त्याचं नाव होतं, तेही दाखवलं. तेवढ्यात फोटोसाठी तिला हाक आली. येतेच, म्हणाली.

तो अर्धा तास थांबला. मग बसस्टँडवर आला. शेजारच्या माणसाला सांगू लागला, की पाणी स्वच्छ करणारी एक पांढरी भुकटी असते, पण ती माशांच्या कल्ल्यांत बसते. तो माणूस हं हं करत होता. तिरोड्याची बस लागली तसा तो माणूस उठून गेला. केशोरीकडे जायच्या अर्जुनीच्या बसला अजून वेळ होता.