शिगेचं माप

कर्नाटकाच्या सीमेलगत, उमरग्यात आमच्या बैठकीत समुद्राच्या पाण्याची टाकी आहे. मासे, प्रवाळ, सगळं जिवंत. हौस नवऱ्याची, पण तो कामानं हैदराबादला असतो. निगा माझ्याकडे. घरातली कामं मी यादी करून वाटते, तशी टाकीचीही वाटली.

सासऱ्यांना, अप्पांना, धान्याची आडत बंद केल्यापासून काही काम उरलं नव्हतं. सडकेवरचे ट्रक बघत बसायचे. भाकरी अर्धीच खायचे. माशांचं खाणं त्यांच्याकडे दिलं आणि ते सावरले. नारिंगी माशांच्या जोडीशी कन्नडमधून बोलूही लागले.

खाणं टाकताना हात मात्र सढळ. पाण्यात नायट्रेट वाढलं, काचेवर शेवाळ धरलं. नवऱ्यानं बायोपेलेट्स पाठवले. साबुदाण्यासारखे दिसणारे, विघटन होणाऱ्या प्लास्टिकचे दाणे. ते नळीत घालून पाण्याच्या जोरावर घुसळत ठेवायचे; त्यांवर जिवाणू वाढतात आणि पाण्यातलं नायट्रेट खातात. सुरुवात थोड्यानंच करायची. मी नळीवर खाली रेघ मारली, दाणे एवढेच घाला म्हणून अप्पांना दाखवली आणि आई आजारी म्हणून वाशीला गेले.

आठवड्यानं परतले तर पाणी ताकासारखं पांढरं. जिवाणूच एवढे माजले होते की माशांना प्राणवायू पुरेना. जोडी वर येऊन तोंड उघडझाप करत होती. अप्पा टाकीला हात लावून उभे होते.

"दम लागलाय गं त्यान्ला."

नळी काठोकाठ भरलेली.

"अप्पा, इतकं कुणी घातलं?"

"म्याच. रेघ लई खाली व्हती. आपल्या दुकानातनं शीग लावल्याबिगर, काठावर रास आल्याबिगर माप कधी गेलं न्हाय."

मी नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. तो हसला. "अप्पा, समुद्रात धान्याचा मोंढा भरवला व्हय?"

अप्पा हसले नाहीत.

मी नळी बंद केली, हवेचा पंप सोडला, मिठाचं पाणी कालवून निम्मं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत पाणी निवळू लागलं. जोडीतला एकच मासा वाचला. प्रवाळाची टोकं फिकट पडली.

काही दिवसांनी, टाकी स्थिरावल्यावर, रेघेपुरते दाणे वाटीत काढून मी अप्पांपुढे धरले.

"आता तुम्हीच घाला."

"तूच घाल, बाई. माझ्या हाताला कमी द्यायची सवय न्हाय."

त्यांनी खुर्ची सडकेकडे फिरवली. त्या दिवशी ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली.