कोरड्या हौदातल्या बारा घागरी

एप्रिल २०१६ मधला तिसरा रविवार, दुपारी तीनचा सुमार. ठिकाण — लातूरमधलं आमचं जुनं घर. माप — एकशे ऐंशी लिटर पाणी. हजर — मी, माझी आई, शेजारचे महादप्पाकाका आणि नंतर बोलावलेले प्लंबर रफीकभाई. हे सगळं आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

अशा गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जाणारा माणूस. धंदाच तसा आहे. मी नांदेडला राहतो आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहितो. वीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली... प्रोग्राम चुकला की त्याला कारण असतं. कधी तासाभरात सापडतं, कधी आठवडा लागतो, पण असतंच.

नोकरीचं काम संपलं की रविवारी माझे स्वतःचे उद्योग सुरू. गच्चीवरचं ऊन मोजणारा प्रोग्राम, लाईट गेल्याची वेळ आपोआप टिपणारा प्रोग्राम. बायको म्हणते, "एखादा भाजी आणणारा पण करा की!" या उद्योगांचा कुणाला फारसा उपयोग नाही, मला मात्र त्यात सुख वाटतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच असा उद्योग उपयोगी पडेल असं वाटलं. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं. नळ कधीचे बंद. आई सत्तरीपुढची, गुडघे गेलेले, घरात एकटी. टँकर आला की घागर घेऊन उभी. मी महिनाभर फोनवर एकच धोशा लावला होता — पाऊस पडेपर्यंत नांदेडला चल. शेवटी तिनं शब्द दिला.

"या महिन्याच्या तिसऱ्या ऐतवारपर्यंत थांबते. गल्लीच्या नळाला एकडाव जरी पाणी आलं तर मी जागची हलायची न्हाई. न्हाई आलं तर तू म्हणशील तिथं येते."

आता नळ कधी येईल म्हणून ती दिवसभर नळापाशी बसून राहायची. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सूं-सूं करत बाहेर पडते, त्या आवाजावर कान लावून. तेवढं बसणं तरी वाचावं म्हणून मी एक छोटं यंत्र बनवलं. नळाच्या पाइपला एक माइक चिकटवला आणि नळाचं पाणी ज्यात साठतं त्या अंगणातल्या हौदाच्या झाकणाला आतून पातळी मोजणारा सेन्सर लावला. सूं-सूं ऐकू आली की यंत्र थोडा वेळ आवाज साठवणार, आईचा आणि माझा फोन वाजवणार आणि गल्लीच्या ग्रुपवर 'पाणी आलं' असा मेसेज टाकणार. सेन्सर बसवताना हौदात उतरून तळ मी स्वतः फडक्यानं पुसला होता. हौद ठणठणीत कोरडा होता. झाकणाला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. त्या उन्हाळ्यात सगळेच हौदाला कुलूप लावत होते.

गल्लीला कळवण्याचं माझ्या डोक्यात आलं ते लहानपणामुळं. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी सातवीत होतो. 'आता जिल्हा झाला, आता नळ येणार' हेच जो तो बोलायचा. आणि खरंच वर्षभरात गल्लीत लोखंडी पाइप पडला, बारा घरांना बारा नळ. पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. मग गल्लीनंच एक रीत पाडली. ज्याच्या नळाला पहिली सूं-सूं होईल त्यानं पाइपवर तीन ठोके द्यायचे. लोखंडातून तो आवाज टोकाच्या घरापर्यंत जायचा. ऐकलं की प्रत्येक घरानं एक ठोका देऊन जबाब द्यायचा. सगळ्यांचे जबाब आल्याशिवाय कुणीही घागर नळाखाली धरायची नाही. बाया हसत-खिदळत बाहेर यायच्या, पाणी लालसर यायचं, त्याला गंजाचा वास असायचा आणि आम्हा पोरांना तो वाससुद्धा आवडायचा. जिल्ह्याच्या गावाला राहतो असं खरं तेव्हा वाटायचं. पुढं लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले. प्लॅस्टिकवर ठोका दिला तर शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही. रीत आपोआप बंद पडली.

यंत्रानं पहिल्याच आठवड्यात माझी फजिती केली. आमचा नळ स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. आईनं कुकर लावला, शिट्टीआधीची फुसफुस माइकनं पकडली आणि अख्खी गल्ली घागरी घेऊन दारात! मी नांदेडला होतो. महादप्पाकाकांनी फोन केला. त्यांचं गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान आहे आणि बोलण्यात ते कुणाला उधार ठेवत नाहीत.

"काय रे इंजिनिअर, तुझं मशीन म्हनालं पाणी आलं. हितं तर वैनीचं वरण शिजून राहिलं!"

मी प्रोग्राम सुधारला, पण गल्लीचा विश्वास उडाला तो उडालाच.

तो ठरलेला रविवार आला. मी गाडी घेऊन आईला न्यायला गेलो. सामान बांधून झालं होतं. मी आतून खूश होतो, खोटं कशाला सांगू.

...आणि दोन्ही फोन एकदम वाजले.

"परत कुकर!" असं मी म्हणालो खरा, पण चूल थंड होती. बाहेरून काका ओरडले, "आज काय, भात का?" कुणी घागर घेऊन आलं नाही. मी फोन बघितला. सेन्सर दाखवत होता — हौदात दहा सेंटिमीटर पाणी. सेन्सर बिघडला असणार. आईकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं, झाकण उचललं.

पाणी होतं. लालसर. हौदाची लांबी-रुंदी मला पाठ आहे. उभ्या उभ्या हिशोब केला, एकशे ऐंशी लिटर. मी तांब्याभर वर काढलं, आईनं ओंजळीत घेऊन वास घेतला आणि एवढंच म्हणाली, "हे तर जुन्या पाइपाचं पाणी हाय."

काका आले, वाकून बघितलं, पळत जाऊन स्वतःचा हौद बघितला. कोरडा. बाकीच्यांचेही कोरडे. गल्ली आमच्या अंगणात जमली आणि काकांचा आवाज बदलला.

"वैनी, राग नका मानू. गपचूप टँकर घेतला का?"

माझी आई चाळीस वर्षं त्या गल्लीत राहिली, पण तिचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "भावजी, तुमी इचारताव हे?" म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "रफीकभाईला बोलव. सगळ्यांच्या समोर नळ खोलू दे."

रफीकभाई आले. त्यांनी पाइप जोडापासून मोकळा केला, आत बोट घातलं आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. बोटाला कोरडी माती.

"इसमें से पानी? न्हाई साहेब. महिना झाला असंल याच्यातून थेंब गेला न्हाई."

मग मला साठवलेला आवाज आठवला. काकांच्या दुकानातला मोठा स्पीकर आणून अंगणात लावला. आधी सूं-सूं. ती कुकरची नव्हती. मग तीन ठोके. लोखंडावरचे, खणखणीत. थोडं थांबून एक ठोका. मग दुसरा. प्रत्येकाचा आवाज वेगळा.

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"ही चंद्राबाई," आई म्हणाली. "कलथ्यानं मारायची. आवाज कसा चप्पट येतोय बघा." पुढचा ठोका बारीक आला. "हे मास्तर. अडकित्त्यानं." त्याच्या पुढचा ठोका आला तेव्हा आईच्या आधी काकाच बोलले, "माझा बा. दुकानातलं वजन हाणायचा." यातलं कुणीही आज हयात नाही. तीन ठोक्यांचं एक घर आणि जबाबाचे दहा ठोके, अशी अकरा घरं झाली आणि आवाज संपला.

"अकराच," आई म्हणाली. "आपला राह्यला." आत जाऊन उलथणं घेऊन आली आणि मोकळ्या केलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपवर एक ठोका दिला. थप्प. बस्स, तेवढाच आवाज.

मी एव्हाना पार बदललो होतो. म्हणालो, "आई, आलं की पाणी. शब्दाप्रमाणं तू राहा. मीच येत जाईन."

काकाही म्हणाले, "हाव वैनी, राहा. माझं चुकलं."

आईनं त्यांना विचारलं, "तुमच्या नळाला आलं का, भावजी?"

"न्हाई."

"मग गल्लीला आलं न्हाई. मी शब्द दिला तो गल्लीच्या नळाचा."

ज्या घरात राहायला आता तिला कुणाचीच आडकाठी नव्हती त्या घरातून स्वतःच्याच तोंडानं ती अशी बाहेर पडली. मी जिंकलो होतो आणि मला ते नको होतं.

नंतर मी सगळं तपासलं. त्या आवाजाची फाइल अजून माझ्याकडं आहे. प्रोग्रामची एकेक ओळ वाचली. गच्चीवरची टाकी रिकामी होती, जवळपासचे बोअर केव्हाच आटले होते, पाऊस नव्हता. प्लॅस्टिकच्या पाइपला लोखंडाचा नाद कसा येईल, कोरड्या पाइपातून पाणी कसं येईल... कुणी जाणकार असेल त्यानं जरूर सांगावं. कारण असतंच, असं मी अजूनही म्हणतो. फक्त या बाबतीत ते मला सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळी पाण्याची वाटणी झाली. पंधरा लिटरची घागर, बारा घरं, घरटी एक. शेवटची घागर आम्ही वाटीनं तळ खरवडून भरली, ती आमची. रफीकभाईंना मजुरी विचारली तर ते पैसे घ्यायला तयार होईनात. मग म्हणाले, "अम्मा, ह्येच पाणी थोडं मिळंल का? घरी पाच जणं हायेत."

आईनं आमची घागर उचलून त्यांच्या सायकलला बांधून दिली, हौदाचं झाकण लावलं आणि गाडीत येऊन बसली.