सासऱ्यांच्या पाठीला लागलेला पाय

सासरे पालथे पडून, डोळे मिटून, सावकाश श्वास घेत होते आणि मी त्यांच्या कमरेत लाथ मारली.

रागाने नव्हे. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी घेऊन आलो. आमच्या भागात कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ लावून घेतात. आमच्या घराने दीक्षा घेऊन देव कधीच नदीत सोडले होते, पण आईने माझे पाय तेवढे ठेवून घेतले. लहानपणी मी चुलत्यांना लाथा मारल्या, शेजाऱ्यांना मारल्या, एकदा तर गणिताच्या मास्तरांना मारली, आणि सगळ्यांनी वर गुळाचा खडा दिला. मास्तरांना जरा जोरातच बसली. ते लगेच "आता बरं वाटून राह्यलं" म्हणाले. दुसरी लाथ नको म्हणून म्हणाले असतील, हे मला पुढे चाळिशीत सुचलं.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. मी आदिलाबादला एका कचेरीत कारकून, राहायला शहरालगतच्या मावला गावात. सासरे भीमपूरकडचे. त्यांची सारी उमर भैंशाच्या जिनिंगात कापसाची गठाणं पाठीवर वाहण्यात गेली, आणि म्हातारपणी ती पाठ अशी धरली की भिंतीला हात लावल्याशिवाय उठता येईना. बायको त्यांना इलाजासाठी आमच्याकडे घेऊन आली.

त्यांचं मागणं एकच होतं. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. लग्न झाल्यापासून एकही साल चुकलं नव्हतं, आणि दर साली गावाकडच्या जीपमध्ये त्यांच्या बाजूला एकच माणूस बसायचा. तो त्यांचा लंगोटीयार, त्यांच्याच जोडीने गठाणं वाहिलेला. त्याला आता दोन पावलं चाललं तरी धाप लागायची.

"औंदा त्याच्यासंगं जायचंच," सासरे म्हणायचे. "पुढच्या साली तो राह्यते का नाही, कोणाले मालूम."

मी आपली सेवा पुढे केली. "मामाजी, एक लाथ लावू का? हळूच."

"जावईबापू, आमी ते सारं सोडलं. तुमी काऊन धरून बसले?"

त्यांनी मला नाकारलं आणि शहरातल्या दवाखान्यातली कसरत शिकवणारी तेलुगू बाई पत्करली. ती घरी यायची. सासऱ्यांना सतरंजीवर उताणं निजवून त्यांच्या कमरेखाली तळहात सरकवायची आणि हिंदीत सांगायची, सांस इतकी खोल घ्या की माझ्या हाताला कळली पाहिजे. मग गुडघे उभे करून एकदा डावीकडे कलवायचे, एकदा उजवीकडे, इतके संथ की बघणाऱ्याला वाटावं म्हातारा झोपला. मग पालथं पडून तोच श्वास पाठीत न्यायचा. दुखणं जिथे सुरू होईल त्याच्या अलीकडे थांबायचं. तिच्या तोंडी एकच तेलुगू शब्द, "मेल्लगा, मेल्लगा." सावकाश. सासऱ्यांनी जरा घाई केली की गुडघ्यावर चापट मारायची. "यहाँ भी बोझा ढो रहे हो क्या?" जन्मभर ज्यांनी मुकादमाच्या 'चला चला'च्या शिव्या खाल्ल्या, ते आता घाई केली म्हणून बोलणी खात होते.

आणि पाठ सुटू लागली. आधी भिंत सुटली. मग धोतर स्वतःचं स्वतः नेसू लागले. मग जेवण होईस्तोवर मांडी घालून बसू लागले. घरात सगळे खूश, मी सोडून. माझे पाय बिनकामाचे झाले होते.

जीप यायच्या आदल्या सकाळी बायको पाणी भरत होती आणि सासरे पालथे पडले होते. मला वाटलं, बाईने नव्वद टक्के केलंच आहे, उरलेलं आपण करून टाकू. उद्या नागपूरला पोचल्यावर म्हातारा माझंच नाव घेईल.

लाथ बसली तेव्हा सासऱ्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो गठाण खाली पडावं तसा होता. एका पायावर उभा असल्याने माझ्याखालची सतरंजी सरकली, मी माकडहाडावर आदळलो, आणि पायाळू माणसाच्या स्वतःच्या पाठीत उसण भरली.

बायको धावत आली. "काय झालं, बाबा?"

"इलाज झाला," सासरे म्हणाले.

तिने आम्हा दोघांकडे पाहिलं. मी कण्हत एक उशी डोक्याखाली ओढली होती. ती तिने काढली आणि वडिलांच्या पोटाखाली लावली.

दुसऱ्या दिवशी जीप आली. लंगोटीयार धापा टाकत आत आला, उंबऱ्यातच बसला.

"चाल ना बे."

"नाही उठवत," सासरे पडल्या पडल्या म्हणाले.

"तुह्यासाठी काय आणू?"

"काही नको. तू वापस ये."

तो वापस आला. थंडीत गेला. सासरे तोवर बसू लागले होते, पण जीपमधून धक्के खात गावाकडे जाण्याजोगे नव्हते. त्यांना त्याच्या मातीलाही जाता आलं नाही. त्या दिवशी ते सतरंजीवर पडले आणि सगळी कसरत त्यांनी केली, बाई नसताना, नेहमीपेक्षा संथ. मी शेजारीच पडून होतो.

बाईने मलाही घेतलं होतं. काय घडलं ते बायकोने तिला तेलुगूत, चवीने, काही एक न गाळता सांगितलं होतं. बाई हसली नाही. माझी टाच हातात घेऊन तिने विचारलं, "यही पैर?" मी मान हलवली. मग तिने तो पाय इतका सावकाश वर नेला, आणि असा धरून ठेवला, की बोंबलायलाही श्वास उरेना. "मेल्लगा," ती म्हणाली.

पण गुण आला. पुढच्या दसऱ्यापर्यंत आमच्या दोघांच्याही पाठी सरळ झाल्या. मी अजूनही सकाळी ती कसरत करतो. बायको त्या वेळी माझ्या जवळपास उभी राहत नाही, पाय चालतो म्हणते.

त्या दसऱ्याला जीप आली तेव्हा सासरे कुणाचा हात न धरता चढले. आपल्या जागेवर बसले. बाजूची जागा रिकामी ठेवून तिच्यावर हात पसरला होता. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, पिशवी घेऊन तयार. जीपमधली माणसं माझ्याकडे बघत होती, बायको दारातून बघत होती.

"मामाजी, इथे बसू का?"

त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मले बाजूले माणूस पायजे, जावईबापू. तुमी मागं सामानात बसा, अन् पाय बाहेर ठेवा."