किरकोळ नावाचा माणूस

पेणच्या रामवाडीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या हौसाला एकच गोष्ट उमगत नव्हती. पगार येतो हे दिसतं, पगार संपतो हेही दिसतं. पण मधल्या मधे तो झिरपतो कुठून, ते काही केल्या दिसत नाही. आणि न दिसणारी गोष्ट सोडून देणं हौसाच्या रक्तातच नव्हतं. लहानपणी गावात कुणाच्या घरी नवं भांडं आलं तरी ते कुठनं आलं, कितीला आलं आणि जुन्याचं काय झालं, एवढं कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तिचा नवरा प्रविण रोह्याला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. पगार बेताचा, पण दारूबिरूचं नाव नाही, पत्त्यांचा नाद नाही. घरात प्रविणची आई गिरजाबाई आणि अकरावीतली मुलगी मृणाली. हौसा स्वतः पोह्याचे पापड लाटून द्यायची, त्याचे चार पैसे यायचे. भाडं, रेल्वेचा पास, दूध, गॅस, गिरजाबाईच्या गोळ्या, मृणालीचा क्लास, सगळं बोटांवर धरलं तर काठोकाठ का होईना, बसायचं. पण ते बोटांवर. खरं तर महिन्याची वीस तारीख उलटली की घरात दोनेक हजारांचा खड्डा पडलेला असायचा.

तो खड्डा प्रविण डबल करून भरायचा. डबल म्हणजे एक शिफ्ट संपली की घरी न येता तिथंच दुसरी. महिन्याला तीन डबल केले की खड्डा बुजायचा, पण माणूस खचायचा. डबल करून रोह्याला गाडीत बसला की पुढचंच निडी स्टेशन येईस्तोवर त्याचा डोळा लागलेला, आणि पेण मागं पडल्याचं कळायचं ते थेट पनवेलला. घरात त्यावर हशा पिकायचा. संक्रांतीच्या सुमाराला मात्र दुसऱ्या शिफ्टला त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात वाफेच्या पाइपावर पडला. फार नाही, तळवा पोळला. पण त्या दिवसापासून हौसाचं हसणं थांबलं. त्यातच ठेकेदारानं सांगून ठेवलं, की शिमग्यानंतर कायम डबल करणाऱ्यांची यादी पक्की करायची आहे, तुझं नाव घालू का नको ते बोल. प्रविण 'घाला' म्हणायच्या तयारीत होता.

"शिमग्यापतोर थांबा," हौसा त्याला म्हणाली. "भोक कुठं हाय ते मी हुडकतंय. नाय गावलं तर मग घाला नाव."

प्रविणनं पट्टी बांधलेल्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान हलवली. त्याला वाटलं, चार दिवस हुडकील आणि कंटाळेल. इतकी वर्षं संसार करूनही त्याला हौसाचा बाप नीट कळला नव्हता.

हौसाचा बाप हिरामण धरमतरच्या खाडीकाठच्या गावातला. जन्मभर मिठागरात राबला आणि जोडीला गावाच्या बांधाची राखण केली. बांध म्हणजे खाडी आणि भातशेत यांच्यामधली मातीची भिंत. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, त्या भिंतीत बिळं करतात. बीळ असतं अंगठ्याएवढं, पण उधाणाचं खारं पाणी त्यातून शिरायला लागलं की बघता बघता बांधाला खांड पडते आणि शेताची खाडी होते. शेताच्या बाजूनं पाझर दिसला की लोक तिथं चिखल थापायला धावायचे. हिरामण त्यांना हसायचा. पाणी निघतं तिथं काय बघताय, म्हणायचा, शिरतं तिथं बघा. मग मूठभर कोंडा घेऊन तो खाडीच्या अंगाला पाण्यावर भिरकावायचा आणि उकिडवा बसून राहायचा. कोंडा इकडे तिकडे तरंगायचा, आणि मग एका जागी गरगर फिरून गडप व्हायचा. तिथं बीळ. लहानगी हौसा बापाच्या शेजारी बसून कोंडा गडप व्हायची वाट बघायची. त्याहून मोठी करमणूक त्या गावात नव्हती.

तर हौसानं मृणालीला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, की आपल्याला कोंडा पाहिजे. मृणालीनं डोकं खाजवलं आणि फोनवर घरातल्या चौघांचा ग्रुप काढला. गिरजाबाईकडे फोन नव्हता, म्हणून कपाटात पडलेला प्रविणचा जुना फोन तिच्या हवाली केला. ग्रुपचं नाव 'कोंडा'. नियम असा, की हातातून पैसा सुटला की तिथल्या तिथं बोलून टाकायचं, कशावर आणि किती. लिहायचं नाही. लिहायला बसलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की खर्चाला चांगली नावं देतो, असं हौसाचं म्हणणं होतं. रविवारी जेवणं झाली की चौघांनी बसून आठवड्याचं सगळं ऐकायचं.

पहिल्या रविवारी असा काही रंग भरला की मृणालीनं टीव्ही लावलाच नाही. प्रविणच्या आवाजामागं मशिनची घरघर, आणि त्यातून तो ओरडून सांगतोय, चहा दोन, एक माझा, एक वॉचमनचा, परवा त्यानं पाजलेला. मृणाली क्लासच्या जिन्यातनं कुजबुजत होती, झेरॉक्स वीस. मग जरा थांबून, त्याहून हळू, पाणीपुरी तीस. गिरजाबाईला तर हे खूळच आवडलं. तिच्या हातात पैसा नसायचा, पण ती रोज न चुकता बोलायची. "मी गिरजाबाई बोलतंय. आज माजा खर्च काय नाय. पान खाल्लं, ते शेजारनीचं."

बारीकसारीक बिळं पटापट गावली. दुकानदार सुट्ट्यांऐवजी चॉकलेटं देतो आणि ती डब्यात साठून चिकट होतात. पाहुण्यांसाठी म्हणून दिवाळीत वाढवलेलं अर्धा लिटर दूध पाहुणे गेले तरी चालूच आहे. कपाटातल्या त्या जुन्या फोनच्या रिचार्जचे पैसे तर इतके दिवस आपोआप कापले जात होते, कुणाला पत्ताच नाही. ते बीळ तेवढं बुजवता आलं नाही, कारण आता त्यात गिरजाबाई जाऊन बसली होती.

पण ही सगळी मिळून तीन-चारशे रुपयांची गळती. मोठं बीळ सापडेना. महिन्याची वीस तारीख आली, उलटली, आणि प्रविण डबा दोन वेळचा भरून घेऊन डबलला गेला. हौसा चरफडली नाही, पण तिला चैन पडेना. पापड लाटताना कानाशी फोन लावून ती नवऱ्याचं बोलणं ऐकायची, लेकीचं ऐकायची, परत परत ऐकायची. कोण कुठं अडखळतं, कुणाचा आवाज कुठं बारीक होतो. काही हाती लागत नव्हतं. नवरा चहापलीकडे जात नव्हता आणि लेक पाणीपुरीपलीकडे.

मग शिमगा जवळ आलेल्या एका रविवारी, सगळं ऐकून झाल्यावर, गिरजाबाईनं पानाचा तोबरा गालात सरकवला आणि सुनेकडे वळली.

"गो हौसा, एक इचारू? ह्यो किरकोळ कोन हाय?"

हौसाला कळेना.

"सगल्यांची नावं आयकतंय मी. दूधवाला, गिरनीवाला, त्यो वॉचमन. त्यांना तुमी कवा मवा देता. ह्या किरकोळाला तू रोज देतंस. आज साठ, उद्या ऐंशी. लय गरीब हाय का त्यो?"

मृणाली भिंतीला टेकून हसत हसत खाली घसरली. प्रविणलाही हसू आवरेना. म्हणाला, आये, तुझ्या सुनेनं माणूस ठेवलाय आणि आपल्याला आता कळतंय. हौसाही हसली. हसता हसता तिनं फोन ओढून घेतला आणि पहिल्यांदाच सगळ्यांचं सोडून फक्त स्वतःचं बोलणं लावलं. गिरणी, तीस. मीठ, वीस. दोन्ही खणखणीत. आणि मग घाईघाईनं, कुणाच्या दारावरनं नजर चुकवून जावं तसं, बाजार किरकोळ ऐंशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा, बाजार किरकोळ साठ. त्याच्या पुढच्या दिवशी शंभर. मृणालीनं सगळ्याची बेरीज केली आणि हसायची थांबली. महिन्याचे दोन हजार जवळजवळ भरत होते.

 अख्ख्या घराच्या पाण्यावर हौसा कोंडा टाकत होती आणि बीळ तिच्या स्वतःच्या पायाखाली होतं. पण लाज वाटायच्या आधी तिला नवलच वाटलं. रोज भेटणारा हा किरकोळ दिसतो तरी कसा, ते तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन बाजारात गेली. तिथं रस्त्याच्या कडेला खाडीकाठच्या गावांतल्या बायका पाट्या मांडून बसतात. वालाच्या शेंगा, पांढरा कांदा, जवळा-सोड्यांसारखी सुकी मासळी, कधी दोरीनं आवळलेल्या चिंबोऱ्या. त्यातली पुतळी हौसाच्या माहेरची, एका वयाची, एकत्र चिखल तुडवलेली. नेहमीसारखी हौसा तिच्या पाटीपुढं उकिडवी बसली आणि अर्धा किलो शेंगा मागितल्या. बोलणं सुरू झालं. हिरामणआबांचे गुडघे कसे आहेत, बांधावर यंदा माती टाकली का, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. एकेक बातमी निघत होती आणि हौसाचा हात आपोआप चालत होता. अजून पाव किलो घाल. तो जवळा कसा दिलास, दोन मापं दे. कांद्याची ती माळ पण राहू दे. पैसे देऊन झाले तेव्हा पिशवी उचलवेना.

हौसानं फोन तोंडाजवळ धरला आणि तिथंच, पुतळीच्या समोर, बोलली. शेंगा पाहिजे होत्या अर्धा किलो, घेतल्या दीड. जवळा घरात आहे, तरी घेतला. कांदाही घरात आहे.

"कुनाला सांगतंस गो?" पुतळीनं विचारलं.

मग सांगावं लागलं. प्रविणचा हात, ठेकेदाराची यादी, कोंडा, आणि सासूनं शोधून काढलेला किरकोळ. सांगताना हौसा पुतळीचा चेहरा निरखत होती. माहेरचं माणूस, मनाला लावून घेतलं तर तोंड कुठं लपवायचं. पुतळी पाटीतल्या शेंगा उगाच सारख्या करत राहिली.

"मंजे किरकोळ मी?"

"तूच नाय. तुमी सगल्याच. माजा जीव ऱ्हात नाय गो. भरली पाटी घेऊन तू परत कशी जाशील, असं वाटतं."

पुतळीनं कपाळावर हात मारला. "आनि मना वाटलं, तुज्या घरात खानारी तोंडं लय. हौसा नेतंय, हौसा नेतंय म्हनून मी रोज जास्तीच्या शेंगा आनतंय. त्या वझ्यानं मान गेली माजी. तेल चोळून घेतंय लेकीकडनं."

दोघी अशा हसल्या की पलीकडची कांदेवाली उठून काय झालं ते बघायला आली.

घरी येताना हौसा विचार करत होती, की मग आपण इतके दिवस विकत काय घेत होतो. शेंगा तर निम्म्या शेजारीपाजारी वाटल्या जात, उरलेल्या सुकून जात. घेत होतो ती बातमी. कुणाच्या पाटीपुढं अर्धा तास बसून नुसता अर्धा किलो माल उचलायचा तर उठताना पाय जड होतात. म्हणून प्रत्येक प्रश्नामागं पाव किलो. पुतळीनं बातमीचे पैसे कधी मागितले नव्हते. भाव हौसानंच ठरवला होता आणि हौसानंच वाढवत नेला होता.

संध्याकाळी तिनं बापाला फोन लावला. बीळ गावलं, म्हणाली, आता त्या बाजूच्या बाजारात पाऊलच टाकत नाही. हिरामण सगळं ऐकून खोकत खोकत हसला आणि मग त्यानं विचारलं, की आपल्या बांधाला उघाडी कशाला होती ते आठवतं का. हौसाला आठवत होतं. बांधाच्या पोटात फळ्यांचं एक दार असतं. भरतीला ते दाबून बंद होतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं.

"नुसता बांध घातलास तर भात आतल्या आत कुजल, पोरी," हिरामण म्हणाला. "बीळ बुजव. पन उघाडी ठेव."

त्या आठवड्यापासून हौसानं मंगळवारचा बाजार उघाडीचा ठरवला. त्या दिवशी ठरलेले पैसे पदराच्या गाठीला बांधून जायचं, माहेरच्या बायकांकडनं घ्यायचं, घासाघीस करायची नाही, आणि कोंड्यात नाव घेऊन सांगायचं, पुतळीचे साठ, कांदेवालीचे चाळीस. इतर दिवशी जायचं ते रिकाम्या हातानं. पहिल्या दिवशी तिला चोरट्यासारखं झालं. लांबूनच वळणार होती, पण पुतळीनं पाटीमागचं पोतं झटकून पुढं सरकवलं आणि हाक मारली, बस गो, घेऊ नकोस काय, नुसती बस. हौसा बसली आणि बातम्या ऐकता ऐकता पुतळीच्या शेंगा सोलायला लागली. सोललेल्या वालाला शेंगांपेक्षा बरा भाव येतो, हे दोघींनाही चार दिवसांनी कळलं. बाकी रविवारच्या बैठकीत गिरजाबाईनं दोनदा चौकशी केली, की किरकोळ अलीकडं ऐकू येत नाही, आजारी आहे का.

शिमग्याच्या तोंडावर पुन्हा वीस तारीख उलटली तेव्हा खड्डा पडला, पण अडीचशेचा. तो थोडे जास्तीचे पापड लाटून भरून निघाला. प्रविणनं डब्याकडे बघितलं, एकाच वेळचा होता, आणि तो उचलून गाडी पकडायला गेला.

ठेकेदाराला त्यानं काय सांगितलं ते तो घरी यायच्या आधीच कळलं. हौसा लाटणं हातात घेऊन बसली होती, तेवढ्यात कोंड्यात आवाज वाजला. मागं गाडीची खडखड, आणि प्रविण नेहमीसारखा ओरडत होता.

"नाव नाय घातलं. खर्च चहा दोन. आताच निडी गेलं, जागा हाय मी."

हौसानं पिठाच्या बोटानं ते पुन्हा लावलं. तोवर शेजारच्या खोलीतून गिरजाबाईनं उत्तर धाडलंही होतं.

"मी गिरजाबाई बोलतंय. आता पेनपतोर झोपू नको."