साहेबांच्या मार्गदर्शनाखाली

"उन्हाळ्यात दूध नासायचं थांबलं, ते कुणामुळं?" जनरल मॅनेजरांनी विचारलं.

"बिरादार साहेबांच्या मार्गदर्शनाखाली थांबलं, सर," मी म्हणाले.

कलबुर्गीचं हेड ऑफिस, समोर तीन साहेब, आणि मी माझ्याच प्रमोशनच्या इंटरव्ह्यूत दुसऱ्याची जाहिरात करत बसलेली. आमच्या बसवकल्याणच्या चिलिंग सेंटरचे इनचार्ज बिरादार साहेब बदलून जाणार होते. त्यांच्या खुर्चीसाठी मी अर्ज केला होता.

चिलिंग सेंटर म्हणजे गावोगावचं दूध जिथं येतं, तपासलं जातं, थंड होतं आणि टँकरनं डेअरीला जातं ती जागा. मी तिथं लॅब असिस्टंट. आमची मुख्य तपासणी सीओबी टेस्ट. नळीत थोडं दूध घेऊन उकळायचं, फाटलं तर कॅन परत. हीच टेस्ट प्रत्येक घरातली बाई रोज सकाळी फुकट करते, पण तिला इंग्रजी नाव नाही म्हणून पगारही नाही.

त्या उन्हाळ्यात कॅनमागून कॅन फाटत होते. कारण साधं होतं. गाडी जाता जाता पहिल्याच गावाचं दूध उचलायची, मग ते दूध सगळ्या गावांची उन्हातली यात्रा करून आमच्याकडं यायचं. मी रूट उलटा केला. गाडीनं रिकामी शेवटच्या गावापर्यंत जायचं आणि येताना दूध उचलत यायचं. एवढंच. पण पहिल्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन भडकले. "इतकी वर्षं आमचा कॅन पयला चढायलाय, आता शेवटाला कामून?" दूध नासलं तरी चालेल, पण मान नासता कामा नये! त्यांच्या ओट्यावर बसून, तीन वेळा चहा पिऊन मी त्यांना पटवलं, की शेवटी चढणारा कॅन आमच्याकडं उतरतो पहिला. तेव्हा बिरादार साहेब साडूच्या मुलीच्या लग्नाला उमरग्याला गेले होते.

तरी इंटरव्ह्यूत मी साहेबांचं नाव घेतलं. खोटं बोलायचं म्हणून नाही, तोंडाला वळणच तसं. आमचे अप्पा किराणा दुकानदार. कुणी म्हणालं, दुकान छान चालवलंत, की अप्पा हात जोडून म्हणायचे, बसवण्णांची कृपा. मी नोकरीला लागले आणि बसवण्णांच्या जागी बिरादार साहेबांना बसवलं. अप्पांना कळलं असतं तर त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं असतं.

इंटरव्ह्यूचा निकाल चांगला लागला. बिरादार साहेबांना एरिया मॅनेजर केलं. ते पेढे घेऊन आले. "बाई, तुमी लई चांगलं बोललाव म्हणं तिकडं. तोंड गोड करा."

इनचार्ज म्हणून कलबुर्गीचा एक पोरगेला साहेब आला. त्याच्या स्वागताची शाल आणि हार आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझी निवड चांगली असते म्हणे. हार घेताना मला रडू आलं. फुलवाल्यानं वीस रुपये कमी केले.

मधे कंपनीनं आमच्यासाठी आत्मविश्वासाचं शिबिर घेतलं. ट्रेनरनं सगळ्यांना मूठ वर करून "मी करू शकतो" असं ओरडायला लावलं. सगळ्यात मोठ्यानं मी ओरडले. नव्या साहेबांनी तसं सांगितलं होतं.

वर्षभरात नवे साहेब बेंगळुरूला चांगली नोकरी मिळून गेले. खुर्ची पुन्हा रिकामी. मी अर्ज करणार नाही म्हटल्यावर सिद्राम चिडला. सिद्राम आमच्या डॉकवर, म्हणजे जिथं कॅन उतरतात तिथं, काम करतो.

"अक्का, रूट कुणी उलटा केला?" कॅन उतरवता उतरवता त्यानं विचारलं.

"साहेबांच्या—"

"साहेब लग्नात व्हते! म्याच त्यायला उमरग्याच्या बसमधी बसवून आलतो. पुन्हा बोला. कुणी केला?"

"आपण सगळ्यांनी मिळून."

"म्या न्हाई केला. मला कामून गुंतवायलाव?"

मग रोज हाच कार्यक्रम. कॅन आदळायचे, सिद्राम विचारायचा, मी अडखळायचे. मुठी वर न करता काम होत होतं. एका सकाळी "मी केला" असं मी एवढ्या जोरात म्हणाले, की ड्रायव्हर कुणाची चूक झाली म्हणून बघायला आला.

दुसऱ्या इंटरव्ह्यूला गेले तर समोर तिसऱ्या खुर्चीत खुद्द बिरादार साहेब. यांच्या तोंडावर कसं बोलायचं? या वेळी गप्प बसले तर पुन्हा हार आणायला जायचं, हेही दिसत होतं.

"दूध नासायचं कुणी थांबवलं?" जनरल मॅनेजरांनी तोच प्रश्न विचारला.

"मी, सर. रूट मी बदलला, चेअरमनना मी पटवलं. बिरादार साहेब तेव्हा रजेवर होते."

जनरल मॅनेजरांनी मान वळवली. "व्हय का हो, बिरादार?"

"व्हय सर," बिरादार साहेब जराही न कचरता म्हणाले. "मुद्दाम रजा घेतलतो. माणूस तयार व्हायचा असंल तर मोकळं सोडावं लागतंय."

सेंटर इनचार्ज मी झाले. शाल सिद्रामनं आणली, रंग भयंकर होता. भाषणात बिरादार साहेबांनी माझी प्रगती कुणाच्या मार्गदर्शनाखाली झाली ते सविस्तर सांगितलं.

परवा हेड ऑफिसचे लोक सेंटर बघायला आले. माझ्या जागी आलेल्या अंबिकानं लॅबची मांडणी स्वतः बदलून काम निम्म्या वेळात आणलंय. पाहुण्यांनी कौतुक केलं, तर ती हात जोडून म्हणाली, "मॅडमच्या मार्गदर्शनाखाली झालं, सर."

ऐकायला इतकं गोड वाटलं, की मी क्षणभर गप्पच राहिले. साहेब लोक हे कधी दुरुस्त का करत नाहीत, ते मला त्या क्षणी कळलं.

मग पाहुण्यांना म्हणाले, "मी काही केलं नाही, हिनं केलंय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिकाला डॉकवर सिद्रामकडं पाठवलं.