नाना आणि मंगळवारचा संगीतवर्ग

माझ्या सासऱ्यांना एसटीने निवृत्त केलं असेल, पण त्यांनी एसटीला अजून निवृत्त केलेलं नाही. तीस वर्षं धुळे-रावेर गाडीवर कंडक्टर होते. आता जळगावला आमच्या तीन खोल्यांत राहतात आणि घर मार्गावर ठेवतात. जेवायला सगळे बसल्याशिवाय पहिला घास घेऊ देत नाहीत. पाहुणा आला की तो कुठून आला यापेक्षा कुठल्या गाडीने आला याची चौकशी आधी, आणि ती गाडी त्यांच्या मते नेहमीच चुकीची. नव्या माणसाशी ओळख व्हायला त्यांना दोन थांब्यांइतका वेळ पुरतो. घरातली कुठलीही बातमी त्यांच्या कानावर गेली, की संध्याकाळपर्यंत ती बोदवडच्या आत्याबाईंकडे पोचलेली असते. एकदा मी रजेचा अर्ज देण्याआधी आमच्या साहेबांनीच मला विचारलं, “बरं वाटत नाही म्हणे?” साहेब आणि नाना एकाच दुकानात दूध घेतात, हे मला त्या दिवशी कळलं.

अशा घरात माझी मनवा अडीच वर्षांची होईपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत होते. “मुलांत मिसळू द्या,” म्हणाले. नातेवाइकांनी वेखंड उगाळायला सांगितलं, मध चाटवायला सांगितलं, आणि मी नोकरी करते म्हणून असं झालं, हेही न विचारता सांगितलं. मी वरवर हसायची आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. नाना मात्र निवांत. “उशिरनी गाडी बी पोचस, माय,” एवढंच म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा.

मग रिंगरोडला एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांचा संगीतवर्ग निघाला. दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मूल आणि सोबत आई किंवा बाबा. बाबा नाशिकला नोकरीवर, आई ऑफिसात. नाना गेले. पुण्याहून आलेल्या त्या तरुण बाईंनी नियम सांगितला, तेव्हा नाना म्हणाले, “बेटा, बाप मीच शे, फक्त एक थांबा आधीचा.” बाईंनी वहीत त्यांचं नाव लिहून घेतलं.

पहिल्याच दिवशी नानांनी सतरंजीवरची सगळी मंडळी उठवून पुन्हा बसवली. कडेवर पोर असलेल्या बायका पुढे, एकुलते एक हजर बाबा मागे उभे, आणि मनवाला खिडकी. “सरका जरा, बठ्ठास्ले बसू द्या!” मग प्रत्येकीला गाव विचारलं. एकीचं माहेर रावेरचं निघालं, दुसरीच्या आजोबांना त्यांनी म्हणे कितीतरी वेळा हात देऊन गाडीत चढवलं होतं. पेटी पाऊण तास उशिरा उघडली. बाईंनी मला फोन केला तो तक्रारीचाच होता. मी मान खाली घालून माफी मागितली, आणि घरी येऊन नानांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पुढच्या मंगळवारी जरा लवकर निघाले.

वर्गात एक खेळ होता. पेटी वाजते तोवर पळायचं, थांबली की थांबायचं. पोरं थांबायची नाहीत, बाईंचा घसा बसायचा. तिसऱ्या आठवड्यात नानांनी कोपऱ्यातली पितळी घंटी उचलली आणि एक टोला दिला. एक टोला म्हणजे गाडी उभी. तीस वर्षं भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेल्या आवाजात ते गरजले, “थांबा!” पोरं थांबली, आया थांबल्या, मागे उभे असलेले बाबाही थांबले. मग दोन टोले, “चला!” आणि सगळे सुसाट. त्या दिवसापासून घंटी नानांकडे, आणि बाई त्यांना विचारून पेटी वाजवायला लागल्या. माझ्या सासऱ्यांचा रुबाब काय सांगावा! मंगळवारी ते सदऱ्याला इस्त्री करायला लागले.

आणि एका मंगळवारी संध्याकाळी मी दारात चप्पल काढत होते, तेवढ्यात मनवा आतून पळत आली, माझा पदर धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “चला!”

मी तिथेच खाली बसले. “नाना, बोलली! अहो, मनवा बोलली!” नाना स्वयंपाकघरातून हातातली वाटी घेऊनच धावत आले. “काय म्हनस, माय! पोर बोलनी?” त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मग धुळ्यापासून बोदवडपर्यंत सगळ्यांना फोन गेले. आता ती गप्प बसत नाही. तिच्या आवाजाने शेजारच्यांची दुपारची झोप मोडते आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

गेल्या आठवड्यात वर्गाचा शेवटचा दिवस होता, म्हणून मी अर्धी रजा काढून गेले. बाई माझा हात धरून म्हणाल्या, “मनवाने त्या दिवशी कमालच केली. आजोबांनी एक टोला दिला, सगळे थांबले, आणि ते पुढचे दोन द्यायच्या आत हीच ओरडली, ‘चला!’ इतक्या टाळ्या पडल्या! पण आजोबांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, की हे तुमच्यापर्यंत पोचता कामा नये. म्हणाले, ‘तिनी माय नोकरीले जास. पहिला शब्द तिलेच ऐकू द्या.’”

मी जिना उतरून खाली आले. नाना मनवाला कडेवर घेऊन एका अनोळखी रिक्षावाल्याला सांगत उभे होते, “पहिला शब्द इनी मायनीच ऐकला बरं! मी तं सैपाकघरमा व्हतू.”

मी डोळे पुसले आणि रिक्षात बसले. नाना घर येईपर्यंत तेच सांगत होते, आणि मी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होते.